सरकारं एकमेकांना मदत देतात, मग संस्था मधे कशाला?

प्रश्न: एक देश दुसऱ्या देशाला विकासासाठी पैसे देतो, तो दोन सरकारांमधला व्यवहार. त्यात स्वयंसेवी संस्थांचं काय काम? त्यांना निवडून तर कोणीच दिलेलं नसतं.

उत्तर: निवडून दिलेलं नसतं हे बरोबर, म्हणूनच सरकारच्या जागी बसून निर्णय घ्यायचा हक्क त्यांना नाही, पण जाब विचारायचा नक्कीच आहे. असं बघा, परदेशी पैशातून हातपंप बसले की रिपोर्टमधे किती बसले तो आकडा जातो, देणारे खूश, घेणारे खूश. पण वॉशर झिजला तर बदलणार कोण, स्पेअर पार्ट कुठे मिळणार, पंप नेमका कोणाच्या दाराशी बसला, रोज पाणी भरणाऱ्या बायकांना आधी कोणी विचारलं का, याला रिपोर्टमधे रकानाच नसतो. हे विचारायला तिथलंच कोणीतरी लागतं, ज्याचं पोट त्या कंत्राटावर नाही.

परदेशी मदत परिणामकारक कशी करायची यावरच्या 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात सगळा भर सरकारांवरच होता. 2008 मधे घानातल्या अक्राला याच विषयावरच्या पुढच्या बैठकीत नागरी संस्था हा विकासातला स्वतंत्र घटक आहे हे मान्य झालं, आणि 2011 ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या बैठकीत तर त्या सरकारांच्या बरोबरीने वाटाघाटीला बसल्या. मधे 2010 ला इस्तंबूलमधे संस्थांनी स्वतःसाठीच आठ तत्त्वं ठरवली, त्यात पारदर्शकता आणि उत्तरदायित्व आहे, म्हणजे तुमची शंका त्यांनाही मान्यच आहे.

मला खरा राग येतो तो पैशाच्या वाटेचा. देणगीदार बरेचदा संस्थेला पैसे देत नाहीत, संस्थेमार्फत स्वतःचा प्रोजेक्ट राबवून घेतात. मोठी आंतरराष्ट्रीय संस्था ओव्हरहेड, म्हणजे स्वतःचा कार्यालय चालवायचा खर्च, घेते आणि स्थानिक संस्थेच्या हाती फक्त कामापुरते पैसे येतात, ऑफिसचं भाडं, हिशेबनीसाचा पगार कुठून द्यायचा ते तिचं तिने बघायचं, आणि वर तिनेच देणगीदाराला खडे बोल सुनवावेत ही अपेक्षा, कसं जमणार? देणगीदार आणि मदत संस्थांमधल्या 2016 च्या ग्रँड बार्गेन करारात आपत्तीच्या मदतीतला किमान 25 टक्के निधी 2020 पर्यंत शक्य तितका थेट स्थानिकांकडे द्यायचं ठरलं होतं, ते काही झालं नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या प्रोजेक्टमधे संस्थेचं नाव दिसलं तर निवडून कोणी दिलं यापेक्षा, काय करायचं ते तिथल्या लोकांनी ठरवलं की पैसे देणाऱ्याने, आणि खर्चाचा हिशेब त्या लोकांना त्यांच्या भाषेत बघायला मिळतो का, हे आधी विचारा.