वाचकांचे प्रश्न : ‘सायनो-जॅपनीज वॉर’ म्हणजे कोणते युद्ध?

प्रश्न : इंग्रजी पुस्तकांत ‘सायनो-जॅपनीज वॉर’ असा उल्लेख येतो. चीनला इंग्रजीत ‘चायना’ म्हणतात, मग हे ‘सायनो’ कुठून आले? उच्चार ‘सिनो’ करावा का?

उत्तर : उच्चार ‘सायनो’. हे चीनचे फक्त समासात येणारे रूप आहे. ते एकटे वापरत नाहीत, जोडरेघ देऊन पुढे दुसरे नाव येते. १९६२ च्या भारत-चीन युद्धालाही इंग्रजीत ‘सायनो-इंडियन वॉर’ म्हणतात, ते याच रीतीने.

लॅटिनमध्ये चिनी लोकांना ‘सिनाए’ म्हणत. त्यामागे अरबी ‘सीन’ आणि त्याच्याही मागे संस्कृत ‘चीन’, अशी साखळी साधारणपणे मानली जाते. ‘छिन’ या राजघराण्यावरून संस्कृत शब्द आला असावा, असे बरेच अभ्यासक म्हणतात.

या साखळीची दुसरी शाखा मुद्दाम सांगायला हवी. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्यांनी संस्कृत ‘चीन’ हा शब्द केवळ उच्चारावरून चिनी अक्षरांत उतरवला. तीच अक्षरे जपानमध्ये ‘शिना’ अशी वाचली गेली. पुढे जपानच्या आक्रमणाच्या काळात चीनसाठी हाच शब्द तिथे रुळला आणि चिनी माणसाच्या कानाला तो शिवीसारखा बोचू लागला. अखेर १९४६ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याने तो टाळण्याची सूचना काढली. एकाच मुळाचे दोन शब्द, पण ‘सायनो’ निर्धोक आणि ‘शिना’ अपमानकारक. मराठीत लिहितानाही जुन्या जपानी संस्थेचे किंवा पुस्तकाचे मूळ नाव देण्यापुरताच ‘शिना’ वापरावा.

प्रश्न : पहिले युद्ध १८९४ चे म्हणतात. त्याआधी हे दोन देश कधी लढलेच नव्हते?

उत्तर : लढले होते. ६६३ मध्ये कोरियाच्या किनाऱ्यावर तांग चीनच्या आरमाराने जपानी आरमाराचा पराभव केला. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजा कोरियात उतरल्या, तेव्हा मिंग दरबाराने कोरियाच्या मदतीला सैन्य धाडले. इंग्रजीतले ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ हे आकडे मात्र फक्त आधुनिक काळातल्या दोन युद्धांना दिलेले आहेत.

पहिले युद्ध १८९४-९५ चे, कोरियावर वर्चस्व कोणाचे यावरून झालेले. युद्धाची रीतसर घोषणा १ ऑगस्ट १८९४ ला झाली, पण तोफा २५ जुलैलाच धडाडल्या होत्या. त्याच दिवशी जपानी युद्धनौका ‘नानिवा’ने चिनी सैनिकांना घेऊन निघालेले ‘कावशिंग’ हे ब्रिटिश मालकीचे जहाज बुडवले. त्यामुळे एखाद्या पुस्तकात जुलै आणि दुसऱ्यात ऑगस्ट दिसला तर दोन्ही चूक नाहीत. एक पहिला गोळीबार मोजते, दुसरे घोषणा.

युद्ध संपले १७ एप्रिल १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने. तैवान, फंगहू बेटे आणि ल्याओतुंग द्वीपकल्प जपानला मिळाले, शिवाय २० कोटी तैल (तैल हे चिनी वजन) चांदीची खंडणी ठरली. त्या हिशोबातला एक तैल सुमारे ३७.३ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास ७,४६० टन चांदी! रशिया, फ्रान्स आणि जर्मनीने दबाव आणल्यावर जपानने ल्याओतुंग परत केले, पण त्याबद्दल आणखी ३ कोटी तैल घेतले. म्हणून काही ठिकाणी खंडणीचा आकडा २३ कोटी दिसतो.

दुसरे युद्ध १९३७ ते १९४५ चे.

प्रश्न : चिनी आणि जपानी लोक स्वतः या युद्धांना काय म्हणतात?

उत्तर : खरी गंमत इथेच आहे. पहिल्या युद्धाला चीनमध्ये ‘जियावू’ युद्ध म्हणतात. आपल्या संवत्सरांसारखे तिथेही साठ वर्षांचे चक्र आहे आणि जियावू हे त्यातले एक वर्ष. प्रभव किंवा विभव संवत्सरातले युद्ध म्हणावे, तसे हे नाव. जपानमध्ये त्यालाच ‘निस्शिन’ म्हणतात. ‘निचि’ म्हणजे जपान आणि ‘शिन’ म्हणजे तेव्हा चीनवर राज्य करणारे छिंग घराणे.

दुसऱ्या युद्धाचे चिनी नाव ‘खांगरि’, म्हणजे जपानविरुद्धचा प्रतिकार. जपानमध्ये आज त्याला ‘निच्चू’ युद्ध म्हणतात, पण त्या काळी सरकार ‘शिना जिहेन’, म्हणजे ‘चीनची घटना’, एवढेच म्हणत असे. लाखो माणसे मरत असताना तिला ‘घटना’ म्हणण्यामागे हिशोब होता. अमेरिकेच्या तटस्थता कायद्याप्रमाणे युद्ध जाहीर झाले असते तर तिथून मिळणाऱ्या मालावर बंधने आली असती. चीनलाही ती नकोच होती. त्यामुळे चार वर्षे कोणीच घोषणा केली नाही. चीनने रीतसर युद्ध पुकारले ते ९ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरनंतर.

प्रश्न : दुसरे युद्ध आठ वर्षांचे की चौदा?

उत्तर : ७ जुलै १९३७ च्या, बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावरच्या चकमकीपासून मोजले तर आठ. १८ सप्टेंबर १९३१ ला मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्फोट घडवून जपानी सैन्याने मांचुरिया घ्यायला सुरुवात केली, तिथून मोजले तर चौदा. चीनच्या पाठ्यपुस्तकांत २०१७ पासून चौदा वर्षे आहेत. इंग्रजीतले ‘दुसरे’ युद्ध बहुधा १९३७ पासूनच धरतात.

प्रश्न : डॉ. कोटणीस यांपैकी कोणत्या युद्धात गेले?

उत्तर : दुसऱ्या. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथेच वारले.

प्रश्न : मराठीत भाषांतर करताना काय लिहावे?

उत्तर : ‘चीन-जपान युद्ध’. ‘चिनी-जपानी युद्ध’ कानाला खटकते आणि ‘सायनो-जपानी’ ही तर निव्वळ खिचडी. नावासोबत वर्षे हवीतच : पहिले चीन-जपान युद्ध, १८९४-९५. मूळ मजकुरात क्रमांक नसेल तर आजूबाजूचे शब्द पाहा. छिंग, ली होंगचांग, शिमोनोसेकी दिसले तर पहिले. च्यांग कै-शेक, नानकिंग, चुंगकिंग दिसले तर दुसरे. तैवानने मात्र फसू नका, ते दोन्हींत येते : १८९५ मध्ये जपानकडे जाताना आणि १९४५ मध्ये परत येताना. मजकूर १९३७ पूर्वी छापलेला असेल तर प्रश्नच नाही, कारण तेव्हा ‘सायनो-जॅपनीज वॉर’ म्हणजे सहसा १८९४ चेच.