वाचकांचे प्रश्न : ताणलेलं जेल आणि ड्युटेरियमच्या दोन रेषा

प्रश्न : समुद्री स्पंजातल्या एका संयुगात दूरच्या दोन कार्बनांची अवकाशीय मांडणी एनओईवरून (जवळजवळच्या प्रोटॉनांमधला परिणाम) ठरत नाही. म्हणून रेणूंना कल देण्यासाठी पॉलिस्टायरीनची कांडी एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल नोंदवण्याचं तंत्र) नळीत ड्युटेरोक्लोरोफॉर्ममध्ये (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेला द्रावक) फुगवली. तीन दिवसांनी पाहिलं तर सगळ्या रेषा पसरट. दुसऱ्या खेपेला नळीच तडकली. कुठे चुकलं?
– एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : पहिल्या खेपेला घाई झाली, दुसऱ्या खेपेला बहुधा कांडी जाड होती.

5 मिमी नळीचा आतला व्यास सुमारे 4.2 मिमी असतो. कांडी त्याहून बारीक, पण फुगल्यावर भिंतीला भिडेल एवढी हवी. आडवं फुगणं अडलं की ती वर लांबते, साखळ्या ताणल्या जातात आणि तुमच्या रेणूंना किंचित कल येतो, म्हणजे ते एका दिशेकडे थोडे जास्त वळतात. सुरुवातीलाच ती नळीत घट्ट बसली, तर वर सरकायला वाव नाही. सगळा दाब काचेवर. कडा तासून सपाट करा, वर मोकळी जागा ठेवा. साखळ्या एकमेकींना बांधणारं डायव्हिनाइलबेंझीन जास्त पडलं असेल तर कांडी फुगतच नाही.

अळसांदे भिजत घातले की साल आधी फुगते, गाभा टणकच राहतो. कांडीचंही तसंच. गाभ्यापर्यंत द्रावक पोचायला आठवडे लागू शकतात. तोवर आत-बाहेर ताण वेगळा, म्हणून रेषा पसरट. क्लोरोफॉर्म आपल्या उकाड्यात चटकन उडतो, तेव्हा टोपणावर पॅराफिल्म घट्ट गुंडाळा.

तयारी झाली का, हे द्रावकातल्या ड्युटेरियमचा सिग्नल सांगतो; द्रावकालाही कल आला की तो दोन रेषांत दुभंगतो. लॉक (याच सिग्नलवर चुंबकीय क्षेत्र स्थिर धरणारी यंत्रणा) बंद करून तो नोंदवा. मधोमध उंच रेघ आणि बाजूला खडबडीत उंचवटे दिसले तर थांबा. दोन स्वच्छ, सारख्या उंचीच्या रेषा आल्या की मोजा. लॉक त्यांपैकी एकाच रेषेवर धरा, नळी फिरवू नका.

संयुग कांडीत मुरायलाही वेळ लागतो, म्हणून ते द्रावकाबरोबरच घाला. साध्या द्रावणात एखादी सी-एच जोडणी (कार्बन-हायड्रोजनमुळे दुभंगलेल्या रेषांमधलं अंतर) 145 हर्ट्झ आणि जेलमध्ये 157 आली, तर 12 हर्ट्झचा फरक द्विध्रुवी जोडणीचा, म्हणजे बंधाच्या दिशेवर अवलंबून असणारा (काही जण त्याचा निम्मा आकडा लिहितात, हे आधी ठरवा). वेगवेगळ्या दिशांच्या निदान 5 जोडण्या हव्यात. मांडणी पडताळायची तर आणखी. कल फार झाला की प्रोटॉन-प्रोटॉन जोडण्याही वाढतात आणि रेषा पुन्हा पसरतात. तेव्हा मूळची बारीक कांडी घ्या. पॉलिस्टायरीनचे स्वतःचे सिग्नल 7 पीपीएमच्या (रेषेच्या जागेचं माप) आसपास आणि 1 ते 2 च्या दरम्यान येतात. तिथल्या जोडण्यांवर भिस्त ठेवू नका.