बायबलमधल्या यहेज्केल या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात इस्राएलवर चाल करून येणारा 'गोग' म्हणजे रशियाच का? युक्रेन युद्धापासून असे व्हिडिओ खूप फिरतायत

नाही, मूळ मजकुरात रशिया कुठेच नाहीये. तिथे गोगला मेशेख आणि तुबाल या लोकांचा अधिपती म्हटलंय, आणि सगळा घोळ त्या वाक्यातल्या 'रोश' या एका शब्दाचा आहे, हिब्रूत रोश म्हणजे डोकं किंवा प्रमुख, पण जुन्या ग्रीक भाषांतरात ते एखाद्या देशाचं नाव असल्यासारखं आलं आणि पुढे लोकांनी रोश-रशिया असं जुळवून टाकलं. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या (टीपांसह छापलेली एक इंग्रजी आवृत्ती) तळटीपांमुळे हे अमेरिकेत घरोघरी पोचलं, तिथे मेशेख म्हणजे मॉस्को आणि तुबाल म्हणजे सायबेरियातलं तोबोल्स्क असं लावलंय, जे निव्वळ उच्चारातलं साम्य आहे (असं जोडायला लागलो तर काहीही जोडता येईल). खरं तर मेशेख आणि तुबाल हे मुश्की आणि तबाल या नावांनी अश्शूरी (असीरियन) शिलालेखांत सापडतात आणि ते लोक आजच्या तुर्कस्तानात राहायचे. शिवाय गोग दर काळात बदललाय:

- चौथ्या शतकात बिशप अँब्रोसला गोथ लोक वाटले
- सोळाव्या शतकात ल्यूथरला तुर्क
- शीतयुद्धात सोव्हिएत रशिया

एक मात्र मान्य करायला हवं, त्या अध्यायात गोगच्या साथीदारांच्या यादीतला 'पारस' म्हणजे इराणच, त्यात ओढाताण नाहीये, म्हणून इराण-इस्राएल भडकलं की हा अध्याय परत वर येतो. पण नाव जुळलं म्हणजे ती भविष्यवाणी याच युद्धाबद्दल आहे असं होत नाही, आणि तारखा सांगणाऱ्यांनी मत्तय २४:३६ वाचावं, तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असं तिथे सरळ लिहिलंय.