किटलीचा दिवा, फ्लश आणि २०डब्ल्यू-५०: यातलं काहीही करायच्या आधी

तुमचा प्रश्न वाचताना तिसऱ्या ओळीलाच चमकलो. आई-वडिलांची एक लिटरची पेट्रोल गाडी, वर्षाकाठी जेमतेम तीन हजार किलोमीटर. इंजिन तापलं की सिग्नलला किटलीचा तांबडा दिवा (इंजिन ऑइलचा दाब कमी झाल्याचा) लुकलुकतो, ॲक्सिलरेटर दिला की विझतो. त्यावर सर्व्हिस सेंटरचा सल्ला असा की इंजिन फ्लश (आतला गाळ सॉल्व्हंटने धुणं) करून घ्या, मग २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकू. आमच्या बाबांच्या गाडीत अगदी हेच, याच क्रमाने घडलं होतं. म्हणून जरा लांबण लावतो. मी मेकॅनिक नाही आणि तुमची गाडी पाहिलेली नाही, हे धरूनच वाचा.

फ्लशला आत्ताच नाही म्हणा. निदान चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवून आत बघेपर्यंत तरी. आणि तो दिवा दिसत असताना गाडी चालवू नका. 'घरापर्यंत जाईल' म्हणून पुढे काढलेले दोन किलोमीटर फार महाग पडतात. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, लेव्हल बघितलीच असेल असं धरून पुढे जातो.

आमची गाडी नाशिकची. बाबा निवृत्त. गाडी म्हणजे सकाळी भाजी मार्केट, कधी बँक, कधी गंगापूर रोडला आत्याकडे. एका दमात तीन-चार किलोमीटरच्या वर क्वचितच. वाढीव वॉरंटी घेतलेली, त्यामुळे दरवर्षी गाडी न चुकता अधिकृत सेंटरलाच जायची. तिथला ॲडव्हायझर मीटर बघून म्हणायचा, "काका, रनिंगच कुठे आहे? ऑइल चेंज दहा हजारला. आत्ता टॉप-अप करतो, उगाच कशाला पैसे घालवता." बाबांना तो मुलगा फार प्रामाणिक वाटायचा. गाडी धुऊन-पुसून, आत सुगंधी फवारा मारून परत यायची. ऑइल तेच.

आता मॅन्युअल उघडा. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना लिहिलेलं असतं: दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यातलं जे आधी येईल ते. त्याच्याच आसपास बारीक अक्षरात 'कठीण वापर' म्हणून वेगळा तक्ता असतो, त्यात अंतर साधारण निम्म्यावर येतं. कठीण वापर म्हटलं की लोकांना लडाख आठवतं. तक्त्यात असतं ते हे: सतत छोट्या फेऱ्या, धूळ, वारंवार थांबत-थांबत चालवणं. म्हणजे आपल्याकडचे निम्मे आजी-आजोबा.

छोट्या फेऱ्यांनी नेमकं काय होतं? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बरंचसं वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं, पण थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन थंड असताना तर जास्तच, कारण तेव्हा पेट्रोलही जास्त सोडलं जातं. गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालली तर ऑइल नीट तापतं आणि हा ओलावा उडून जातो. भाजी मार्केटच्या फेरीत टेंपरेचरचा काटा मध्यावर येतो, पण काटा पाण्याचं तापमान दाखवतो. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. मग पाणी, पेट्रोल आणि जळण्यातून येणारी आम्लं तिथेच राहतात. ऑइलमधली सफाईची आणि आम्ल मारणारी रसायनं झुंजून संपतात आणि पुढे गाळ धरायला लागतो. ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्च मारा. झाकणाला आतून पिवळट लोणी लागलेलं दिसलं तर तो ओलावा. आत हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) काळा, चिकट थर दिसला तर प्रकरण पुढे गेलंय. (लोण्याबरोबर कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केटचा संशय. तो विषय वेगळा.)

हा गाळ खाली चेंबरमध्ये बसतो. ऑइल पंप जिथून ऑइल ओढतो तिथे एक जाळी असते, स्ट्रेनर. चहाच्या गाळणीवर साय धरते तशी ती हळूहळू बुजते. इंजिन तापून ऑइल पातळ झालेलं, आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) पंप सावकाश फिरतोय, वर जाळी अर्धी बंद. दाब पडतो, दिवा लुकलुकतो. ॲक्सिलरेटर दिला की पंप जोरात फिरतो आणि दिवा जातो. हे लक्षण झिजलेल्या बेअरिंगचंही असू शकतं, नुसत्या खराब स्विचचंही. म्हणून तर मोजायला हवं.

आमच्याकडे मोजलं कुणीच नाही. पहिल्यांदा प्रेशर स्विच, म्हणजे हा दिवा लावणारा स्विच, बदलला. त्याबद्दल तक्रार नाही, स्विच स्वस्त असतो आणि खराब होतोही. दिवा थांबला नाही. मग फ्लश. मग "इंजिन थोडं सैल झालंय" असं म्हणून २०डब्ल्यू-५०, ज्या इंजिनाला कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलंय त्यात. बिलावर 'इंजिन प्रोटेक्शन' नावाची एक बाटलीही होती. दिवा गेला. बाबा खूश. स्विच काढून त्या जागी गेज लावायचं, गरम इंजिनाचा दाब आयडलवर आणि तीन हजार आरपीएमला वाचायचा, एवढं साधं काम त्या एसी लाउंजवाल्या ठिकाणी शेवटपर्यंत झालं नाही.

फ्लश काय करतो? जुन्या ऑइलमध्ये सॉल्व्हंट ओतून इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेवतात. स्वच्छ इंजिनात त्याची गरज नाही. घाणेरड्या इंजिनात तो साचलेल्या गाळाचे लपके सुटे करतो, त्यातले थोडे ड्रेनमधून जातात आणि उरलेले थेट जाळीकडे. वरून जाड ऑइल टाकलं की दाब वाढल्यासारखा दिसतो, दिवा विझतो, आणि जाळी बुजतेय हे सांगणारं काहीच उरत नाही. आमची गाडी पुढे मुंबईहून येताना कसारा घाट चढली आणि इगतपुरीला दिवा लागला तो गेलाच नाही. खालून खटखट सुरू. टो करून नाशिक.

आता खरा संताप. गाडी त्याच सेंटरला नेली, कारण वॉरंटी चालू होती. त्यांनी टॅपेट कव्हर (इंजिनावरचं झाकण) उघडून गाळाचे फोटो काढले आणि लेखी कळवलं की ऑइल ठरलेल्या मुदतीत बदललेलं नाही, सबब क्लेम मंजूर नाही. वर्षानुवर्षं ज्या काउंटरवरून "काका, रनिंग कुठे आहे" ऐकलं, त्याच काउंटरवरून! "पण तुम्हीच नको म्हणालात" म्हटल्यावर उत्तर आलं, जॉब कार्डावर तसं काही नाही. खरंच नव्हतं. जॉब कार्डावर होतं 'जनरल चेकअप, टॉप-अप, वॉशिंग' आणि खाली बाबांची सही. तो प्रामाणिक मुलगा तोवर दुसऱ्या शोरूमला गेलेला. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर तीच तक्रार फिरून त्याच सेंटरच्या मॅनेजरकडे आली आणि दोन ओळींचा मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.

शेवटी सातपूरकडच्या एका छोट्या गॅरेजवाल्याने चेंबर उतरवलं. जाळी दिसतच नव्हती, नुसता काळा गोळा. बिग एंडचे शेल (क्रँकवरची बेअरिंग) खरवडलेले, क्रँक लेथवर गेला. खर्चाचा आकडा लिहीत नाही, पण त्यात बाबांच्या वापराला दहा-बारा वर्षांचं ऑइल आलं असतं.

म्हणून माझं ठाम मत: सेंटरवाला "ऑइल नको" म्हणाला तर हरकत नाही, पण तेच वाक्य जॉब कार्डावर लिहून द्यायला सांगा. गंमत म्हणजे लिहायची वेळ आली की ऑइल लगेच ड्यू होतं. तुमची गाडी वॉरंटीत असेल आणि असंच अंगावर आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बाबांना तारखांची दगदग नको होती म्हणून आम्ही गेलो नाही. मी कायद्यातला माणूस नाही, कागद दाखवून कुणाला तरी विचारा.

तुमच्या गाडीचा क्रम मी असा लावीन. बाहेरच्या चांगल्या गॅरेजला नेऊन (टो करून) गेज लावायला सांगा. दाब मॅन्युअलप्रमाणे असेल तर स्विच बदला आणि सुटलात. कमी असेल तर चेंबर उतरवून जाळी धुवायची, चेंबर पुसून सिलिकॉन पेस्टने बसवायचं, नवा फिल्टर, कंपनीच्या ग्रेडचं साधं ऑइल. हे पहिलं ऑइल हजारभर किलोमीटरला फेकायचं, पुढचं तीनेक हजाराला. ताज्या ऑइलमधले डिटर्जंट उरलेला गाळ हळूहळू सोडवतात आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. फ्लशपेक्षा वेळ लागतो, पण जीव वाचतो. जाळी स्वच्छ निघूनही दाब कमीच असेल तर मग पंप किंवा बेअरिंग, आणि तिथे माझं ज्ञान संपतं.

ऑइल कोणतं? इथे वाद होतील, होऊ द्या. मॅन्युअलमध्ये जी ग्रेड आहे तीच. "आपल्याकडे उन्हाळा कडक, जाड ऑइल लागतं" हे मी जळगावापासून नागपूरपर्यंत ऐकलंय. बाहेर ४४ अंश असो नाहीतर २४, थर्मोस्टॅट आणि पंखा कूलंट साधारण ९०च्या आसपासच ठेवतात. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवरचा घट्टपणा सांगतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे दीडपट ते दुप्पट. आताच्या इंजिनांतल्या फटी, पंप, व्हॉल्व्ह टायमिंगची हायड्रॉलिक यंत्रणा हे सगळं पातळ ऑइल धरून बांधलेलं असतं. पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहाचा. निफाडचा पारा चारवर उतरला तरी २०डब्ल्यू गोठणार नाही, हे खरं. पण सकाळच्या पहिल्या स्टार्टला ५डब्ल्यू हेडपर्यंत लवकर चढतं, आणि दिवसातून चार वेळा थंड इंजिन सुरू करणाऱ्या गाडीला तेच हवं. मॅन्युअल दोन ग्रेड चालतात म्हणत असेल, समजा ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३०, तर घाटात भरून जाणाऱ्या जुन्या गाडीला मी ५डब्ल्यू-३० टाकेन. त्यापलीकडे स्वतःची अक्कल चालवणार नाही.

कॅनच्या मागे एपीआयचा (ऑइलची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) गोल शिक्का बघा. एसएन हे मानक २०१०चं, एसपी २०२०चं. एसपी जुन्या पेट्रोल इंजिनातही चालतं आणि त्यात टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आहे, म्हणून मिळत असेल तर तेच घ्यावं. ब्रँडवरून भांडायला मला रस नाही.

सिंथेटिकचं म्हणाल तर उत्तम, पण त्याने पाणी आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबत नाही. दोन वर्षं तसंच ठेवलेल्या महागड्या सिंथेटिकपेक्षा दरवर्षी बदललेलं योग्य ग्रेडचं साधं ऑइल कधीही बरं. बाबांच्या गाडीला आता सहा महिन्यांनी बदलतो, मीटर काहीही म्हणो. लोक हसतात. जमलं तर पंधरवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा, त्र्यंबकेश्वरपर्यंत नेऊन आणा. ऑइल तापतं आणि आई-वडिलांचं दर्शनही होतं.

सीएनजीवाल्यांना एक: तुमचं ऑइल काळं पडत नाही म्हणून चांगलं आहे असं समजू नका. गॅस काजळी धरत नाही, पण ऑइल म्हातारं होतंच. बीएस६ डिझेलवाल्यांचं गणित निराळं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेलं कमी राखेचं ऑइलच घ्या, आणि डिपस्टिकवर लेव्हल वर चढताना दिसली तर आनंद मानू नका, ते खाली उतरलेलं डिझेल असतं.

ऑइल बदलताना शेजारी उभे राहा. जुन्या फिल्टरवर आधीच मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे तो बदलला की नुसता पुसला ते कळतं. ड्रेन बोल्टचा वायसर नवा टाकायला सांगा, आणि बोल्ट हाताने लावून मग पान्याने आवळायचा. बोल्ट आवळायच्या गनने ठोकला की चेंबरचे आटे जातात. इंजिनात तीन लिटर मावत असेल तर साडेतीनचा कॅन 'आता फोडलाच आहे' म्हणून पूर्ण ओतू देऊ नका, क्रँक त्यात घुसळून फेस करतो. उरलेलं घरी आणा, पण ते बाइकमध्ये टाकू नका, तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि घसरायला लागतो. रिकाम्या कॅनला भोक पाडूनच भंगारात द्या, नाहीतर त्याच कॅनमधून बनावट ऑइल पुन्हा तुमच्याकडे येईल. काळं ऑइल गटारात नको. आमच्याकडे सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला मागतात, पण गॅरेजमधल्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात गेलं तर जास्त बरं.

गेजवर गरम इंजिनाचा आकडा काय आला तो इथे लिहा, मॉडेल आणि सालासकट. त्याआधी फ्लशची बाटली कुणी उघडली तर गाडीची चावी काढून घ्या.