भूशास्त्र शिकून बाह्यग्रहांच्या, म्हणजे इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या, संशोधनात जाता येतं का?

नक्की येतं, आणि तिथे तुमची गरजही आहे. दूरच्या ग्रहाचं आकारमान आणि वस्तुमान कळलं, तरी तो राहण्याजोगा आहे का हे कळत नाही. शुक्रच बघा ना! या दोन आकड्यांवर तो जवळजवळ पृथ्वीच वाटेल. प्रत्यक्षात पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त दाब. असं का झालं, हे ज्वालामुखी, खडक आणि वायूंचा हिशेब मांडणाराच सांगू शकतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या कार्ल सेगन इन्स्टिट्यूटमध्ये खगोलशास्त्रज्ञांबरोबर भूशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञही काम करतात. तेव्हा भूशास्त्र घ्याच, पण वर्णपटशास्त्र (प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यावरून पदार्थ ओळखण्याचं शास्त्र) आणि थोडं प्रोग्रामिंग सोडू नका.