देवाला तेवढंच काम आहे का?

तुम्ही विचारलंय, ‘सिलिंडर वेळेवर आला, नळाला पाणी आलं, असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी देवाचे आभार मानणं बालिश नाही का? देवाला तेवढंच काम आहे का?’

मी मानते. बालिश दिसत असेल, तर दिसू दे.

आमच्या पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं की बहुतेकदा गुरुवारच निघतो. सोबत ठरलेलं वाक्य, ‘शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.’ शुक्रवारी पहाटे नळ आधी नुसताच फुरफुरतो, मग दोन-चार गढूळ पिचकाऱ्या टाकतो आणि मग बारीक धार लागते. पहिला स्वच्छ तांब्या मी देवापुढे ठेवते. ही सवय आजीची.

आजी नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. हे लोक अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे पळाले. परतले तर घरात गुडघाभर चिखल. आणि गंमत बघा, अख्खा वाडा पाण्याने धुऊन नेलेला, पण प्यायला घोटभर पाणी नाही. शहराला पाणी पुरवणारं धरणच फुटलेलं. वरच्या अंगाला, पूर न पोचलेल्या एका वाड्यातल्या अनोळखी बाईने विहिरीवरून एक कळशी भरून दिली आणि म्हणाली, “उद्याही या.” तिचं नाव विचारायचं राहून गेलं, ही रुखरुख आजीला शेवटपर्यंत होती.

कॉलेजात असताना मी तिला डिवचलं होतं, “तुला कळशी देणाऱ्या देवाने वाहून गेलेल्यांना का नाही वाचवलं?” आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ते त्याला विचार. मी कळशीबद्दल बोलतेय.”

याहून बरं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

एक पथ्य मात्र मी पाळते. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळाली, तर देवाला मध्ये आणत नाही. ती जागा मला मिळाली म्हणजे मागच्याची हुकली. त्यात देवाने माझी बाजू घेतली म्हणणं अंमळ आगाऊपणाच. (मागचा काय म्हणत असतो, ते लिहिण्यासारखं नसतं.) सिलिंडरचं वेगळं. आमच्याकडे लिफ्ट नाही. तो माणूस तीन मजले सिलिंडर खांद्यावर घेऊन चढतो. आधी त्याला पाणी, देवाचा नंबर त्यानंतर. देवाची हरकत नसावी.

नवरा देव मानत नाही. पण शुक्रवारी पहाटे नळाशी उभं राहून “आलं गं, आलं!” असं ओरडतो तोच.