रात्री वाढणारा लॅग

प्रश्न : आमच्याकडे पोस्टग्रेस या डेटाबेसचा एक प्रायमरी (मूळ सर्व्हर) आणि एक स्टँडबाय (त्याची मागोमाग अद्ययावत होणारी प्रत) आहे. स्टँडबायवर आत्ताच्या वेळेतून 'पीजी_लास्ट_एक्सॅक्ट_रिप्ले_टाइमस्टॅम्प' वजा करून लॅग, म्हणजे स्टँडबाय किती मागे आहे ते, काढतो. मध्यरात्रीनंतर आकडा वाढत तासांवर जातो, अलार्म वाजत राहतो. सकाळी पहिली नोंद पडली की झटक्यात शून्य! नेटवर्क, डिस्क सगळं तपासलं. काय बिघडलंय?

उत्तर : तुमच्या झोपेखेरीज काहीच नाही. हे फंक्शन देतं ती स्टँडबायने सर्वांत शेवटी लावलेल्या ट्रान्झॅक्शनची प्रायमरीवरची कमिटची (पक्कं होण्याची) वेळ. रात्री प्रायमरीवर कुणी काही लिहिलंच नाही, तर ती वेळ पुढे सरकणार कशी? घड्याळ मात्र चालतंच.

यावर ठरलेला तोडगा म्हणजे आलेला आणि लावलेला एलएसएन (वॉल, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतली जागा) सारखा असेल तर शून्य दाखवायचं. मीही तेच केलं आणि तोंडघशी पडले. एका रात्री वॉल रिसीव्हरचं, म्हणजे स्टँडबायवर वॉल घेणाऱ्या प्रोसेसचं, कनेक्शन तुटलं. जेवढं आलं होतं तेवढं लावून झालेलं, म्हणजे दोन्ही एलएसएन सारखे. डॅशबोर्डवर हिरवंगार शून्य, आणि स्टँडबाय सहा तास मागे. त्यापेक्षा तुमचा खोटा अलार्म परवडला.

म्हणून मोजणी प्रायमरीवरून करा. 'पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन'मध्ये जोडलेल्या प्रत्येक स्टँडबायची एक ओळ असते; तीत सेंट (पाठवलेला), राइट (लिहिलेला), फ्लश (डिस्कवर पक्का झालेला) आणि रिप्ले (लावलेला) असे चार एलएसएन मिळतात. 'पीजी_वॉल_एलएसएन_डिफ'ने प्रत्येक जण चालू एलएसएनच्या किती बाइट मागे आहे ते काढा. फ्लशपर्यंत सगळं ठीक आणि रिप्लेच अडलेला, तर बहुधा स्टँडबायवर कुणाचा तरी लांबलचक रिपोर्ट चाललेला असतो. असा रिपोर्ट आड आला तर रिप्लेने किती थांबायचं ती मर्यादा, 'मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले', मुळात 30 सेकंदांची; रिपोर्ट मधेच मरू नये म्हणून कुणीतरी ती उणे 1 (म्हणजे कितीही थांब) करून ठेवतं, मग रिप्ले ताटकळत बसतो. आणि स्टँडबायची ओळच दिसत नसेल, तर तो जोडलेलाच नाही. त्याचा अलार्म वेगळा लावा.

10व्या आवृत्तीपासून तिथेच 'रिप्ले_लॅग' वेळेतही मिळतो. पण सगळं शांत झालं की थोड्या वेळाने तो नल (रिकामा) होतो. नलला शून्य समजू नका.

आकडा सेकंदांतच हवा असेल, तर प्रायमरीवर एका ओळीचं हार्टबीट टेबल करा आणि दर 10 सेकंदांनी त्यात वेळ अपडेट करा. ती स्टँडबायवर वाचून वजाबाकी करायची. कमिट होत राहिल्यामुळे तुमचं जुनं सूत्रही रात्री शहाण्यासारखं वागेल. फक्त दोन्हीकडची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली हवीत. माझ्या एका स्टँडबायचं घड्याळ कित्येक दिवस प्रायमरीच्या चार सेकंद पुढे होतं.